हाजोमकरिणीच्या अठरा काचा

आमच्या दाल्ले बेटावर लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव धक्क्यावरच राहतं. बोटीतून उतरली की ती माहेरच्या गावाच्या नावाने ओळखली जाते. जोम-दक हे तिचं खरं नाव ओळखपत्रावर आणि औषधाच्या पाकिटांवर तेवढं आहे. एरवी बेटाच्या एकतीसही घरांना ती हाजोमकरीण. वय सदुसष्ट. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर टेकडीवरच्या वीजघरात आमच्या ह्यांना ऐकू जावी. आमचे हे, म्हणजे पांग गी-नाम, तिथलं डिझेलचं इंजिन सांभाळतात.

ती प्रार्थनाघरात येत नाही. महिन्यातून एकदा फादर बोटीने येतात तेव्हा त्यांच्यासाठी बुडी मारून काढलेले ताजे गोगलशिंपले पाठवते आणि स्वतः मात्र समुद्राच्या राजाला तांदळाची दारू ओतते. मी कितीदा म्हटलं, "ताई, एकदा तरी मिस्साला या." तर मला बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारून म्हणते, "तू वरच्याचं बघ मोनिका, मी खालच्याचं बघते. दोघींपैकी एकीचं तरी कोणी ऐकेल." संध्याकाळची जपमाळ झाली की मी वहीत चार ओळी लिहिते: वारा कुठला, उधाण की भांग, काय रांधलं, कोणासाठी मागणं मागितलं. गेल्या दीड वर्षात या शेवटच्या ओळीत सगळ्यांत जास्त वेळा तिचंच नाव आलं आहे. तिला हे ठाऊक नाही.

वीस वर्षांपूर्वी एक वादळ आलं, त्यापासून सुरुवात करायला हवी. तेव्हा सतरा दिवस डिझेलचा पडाव बेटाला लागू शकला नाही. अकराव्या दिवशी टाकी कोरडी झाली आणि इंजिन बंद पडलं. घराघरांतल्या फ्रीझरमधून पाणी गळायला लागलं. हाजोमकरिणीने त्या वर्षी चारशेच्या वर मासे भरून ठेवले होते, मुलाच्या कॉलेजच्या भरवशाचे. चौदाव्या दिवशी तिने ते हातगाडीवर घालून धक्क्यावर नेले आणि एकेक करून पाण्यात सोडले. कोणी मदतीला गेलं तर हात झटकायची. शेवटचा मासा सोडून झाल्यावर आमच्या ह्यांना म्हणाली, "इंजिनवाले, तुमचा दोष नाही. पण दुसऱ्याच्या पडावावर माझं घर मी पुन्हा चालू देणार नाही."

तेव्हा ते बोलणं संतापाचं वाटलं. बाई ते विसरली नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी चांद्र नववर्षानंतरच्या गावसभेला मुख्य भूमीवरून मो नावाचे एक अभियंते आले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, बोट लागल्यामुळे तोंड हिरवं पडलेलं. सरकारची एक योजना होती. बेटाला लागणाऱ्या विजेतले शंभरात साठ भाग वर्षभर ऊन, वारा किंवा पाण्याच्या ओढीतून काढून दाखवायचे. जमलं तर यंत्रं कायमची गावाची. नाही जमलं तर ती उचलून रांगेतल्या पुढच्या बेटावर.

मो साहेबांनी आधी खाडीतल्या प्रवाहाचं यंत्र सांगितलं. हाजोमकरीण मागे भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. तिथूनच म्हणाली, "त्या खाडीत मी चाळीस वर्षं बुडी मारते. उधाणाला तिथे तळाचे दगड चालतात. तुमचं यंत्र दगडांबरोबर चालायला लागलं तर कुठे शोधणार?"

मो साहेबांनी तो कागद खाली ठेवला. मग पवनचक्की, धक्क्याजवळच्या उंचवट्यावर.

"तिथला वारा वेडा आहे. दर घटकेला तोंड फिरवतो. उत्तरेच्या कड्यावरची पाईनची झाडं बघितलीत? सगळी एकाच अंगाला झुकलीत. झाडं काय उगाच झुकतात? तिथे लावा."

मो साहेब दुसऱ्या दिवशी कड्यावर गेले, झाडं पाहून आले आणि वहीत काहीतरी खोडून नवीन लिहिलं. दोन छोट्या पवनचक्क्या तिथे ठरल्या. उरला सूर्य. त्याच्या उन्हातून वीज काढणाऱ्या काचा मांडायला मोठी सपाट जागा हवी आणि आमच्या बेटावर सपाट जागा म्हणजे कुठे थडगी, कुठे लसणाचं वावर. एकच मोठं अंगण आहे, हाजोमकरिणीच्या घरामागचं. उन्हाळ्यात ती तिथे मियोक वाळवते. आमच्याकडे बाळंतिणीला ज्या समुद्री पाल्याचं सार देतात, तोच मियोक. बेटाचं पोट त्याच्यावर आहे.

लसूण सोलून झाल्यावर ती म्हणाली, "माझं अंगण घ्या."

मेंग छोल-गू उठून उभे राहिले. खडकांच्या वाट्याची वही त्यांच्याकडे असते. तिच्या गेलेल्या नवऱ्याचे ते जिवलग, त्यामुळे ती त्यांना भावजी म्हणते आणि ते तिला वहिनी.

"वहिनी, अंगण तुमचं, तुम्ही दिलंत. पण कड्यापर्यंत रस्ता करायला, खांब वाहायला प्रत्येक घराचे चाळीस दिवस जाणार. तेवढे दिवस होड्या बांधून ठेवायच्या. आणि सगळं करून साठ झाले नाहीत, तर ते दिवस कोण परत देणार? तुम्ही?"

"हो, मी."

"कुठून आणणार? समुद्राच्या राजाकडून?"

"माझा खडकाचा वाटा आहे ना तुमच्या वहीत? यंत्रं परत गेली तर तो गावात वाटून टाका."

आमच्या किनाऱ्याचे खडक कोणा एकाचे नाहीत. दरवर्षी रांजणातून खुणेच्या शिंपल्या काढून त्यांचे भाग पडतात आणि ज्या घराचा माणूस हिवाळ्यात खडक घासायला येतो त्या घरालाच भाग मिळतो. वाटा असलेलं घर बेटाचं. वाटा नसलेलं घर पाहुण्याचं. तिचा मुलगा मोक्पो शहरात चौदाव्या मजल्यावर राहतो आणि दर रविवारी फोन करून तिला बोलावतो. वाटा गेला की तिला इथे थांबायला कारणच उरलं नसतं.

"लिहू?" छोल-गूंनी विचारलं. त्यांना वाटलं होतं ती माघार घेईल.

"लिहा. आणि अक्षर नीट काढा, मागच्या वर्षी माझं नाव तुम्हालाच वाचता आलं नव्हतं."

सभा हसली. छोल-गूंनी लिहिलं.

एप्रिलपर्यंत कड्यावर पवनचक्क्या आणि अंगणात काचा उभ्या राहिल्या. अठरा-अठराच्या सहा ओळी, एकशे आठ. जूनपासून मोजणी सुरू झाली. आमचे हे जेवताना तोपर्यंतच्या सरासरीचा आकडा सांगत आणि मी तो वाऱ्याच्या शेजारी टिपून ठेवी. पहिले दोन महिने वाईट गेले. जुलैत मियोक कापणीच्या वेळी धुकं पडलं, सगळ्यांनी वाळवणीची यंत्रं रात्रभर चालवली आणि रात्री सूर्य कुठला? इंजिन धडधडत राहिलं. शरदात ऊन स्वच्छ पडलं आणि आकडा वर चढत नोव्हेंबर अखेरीला छप्पन्नवर आला. हाजोमकरीण अंगणातून जाता-येता काचांना हाताने थोपटायची, जशी गाईला थोपटतात. वाळवणासाठी तिला आता घराचं छप्पर आणि बंधाऱ्याची भिंत तेवढी उरली होती.

मग डिसेंबरात आम्ही ती चूक केली. 'आम्ही' असंच लिहिते, कारण मीही बादल्या वाहिल्या.

चार दिवस वायव्येचा वारा घोंघावला. समुद्राचे तुषार टेकडीपर्यंत आले आणि काचांवर मिठाचा पांढरा थर बसला. वर समुद्रपक्ष्यांची कृपा वेगळीच. वीज निम्म्यावर आली. पाचव्या दिवशी वारा पडला आणि नेमकी मोठ्या उधाणाची ओहोटी होती, म्हणजे खडक घासायचा दिवस. सगळं गाव खुरपी घेऊन खडकांवर. जुना पाला, शिंपल्यांचे खवले खरवडून खडक गुळगुळीत केला तरच नवा मियोक धरतो. पहाटेपासून दुपारपर्यंत आम्ही खरवडत होतो. पाणी चढायला लागल्यावर वर आलो तर समोर त्या पांढऱ्या काचा.

हाजोमकरिणीने कमरेवर हात ठेवले. "बायांनो, हासुद्धा आपलाच खडक. हात गरम आहेत, खुरपी हातात आहेत. चला."

कोणालाही वावगं वाटलं नाही. गोडं पाणी आमच्याकडे पिण्यापुरतं. किमचीचा कोबीसुद्धा आम्ही समुद्राच्या पाण्यातच धुतो. मिठाचा थर मिठाच्या पाण्याने धुवायचा, हे आम्हाला जराही खटकलं नाही. बादल्या ओतल्या आणि खुरप्यांनी खरवडायला घेतलं. खर्रर्र, खर्रर्र. चिकटलेली घाण सुटत होती, बायका गाणं म्हणत होत्या. पहिली ओळ संपली तेव्हा वीजघरातून आमचे हे धावत खाली आले, एका पायात चप्पल, एका पायात नाही.

"थांबा! अगं थांबा! काच आहे ती, काच!"

"काच आहे हे आम्हाला दिसत नाही का?" हाजोमकरीण म्हणाली. मग तिने तळव्याने पहिली काच पुसली, वाकून पाहिलं. उतरत्या उन्हात काचेवर हजार रेघा चमकत होत्या. तिच्या हातातलं खुरपं मी हळूच काढून घेतलं. तिला ते कळलंसुद्धा नसावं.

आठवड्याने मो साहेब आले. पुन्हा तोंड हिरवं. काचेवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं, "हे कशाने झालं?"

"खुरप्याने," हाजोमकरीण म्हणाली.

"खुरप्याने?"

"हे बघा. धार चांगली आहे, मीच लावली."

मो साहेबांनी खुरपं हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि पायरीवर बसले. हसावं की रडावं हे त्यांनाही कळेना. पहिल्या ओळीच्या अठरा काचांवरचा, ऊन ओढून घेणारा पातळ लेप गेला होता. मिठाचं पाणी सुकून उरलेल्यांवर नवा थर बसला होता, तो गोड्या पाण्याने निघाला असता, पण रेघा निघणार नव्हत्या. हातून झालेली मोडतोड, बदलून मिळणार नाही. आकडा चौपन्नवर घसरला होता.

"मे महिना संपेपर्यंत साठ झाले नाहीत," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तर माझ्या हातात काही नाही, आजी."

छोल-गू तिथेच होते. घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, वहीत ओळ आहे."

"ठाऊक आहे. शाई फिकी झाली असेल तर पुन्हा गिरवा."

त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे भोपळ्याची पेज घेऊन गेले. मला वाटलं रडत असेल. ती जमिनीवर बसून गोगलशिंपल्याच्या कवचाचे तुकडे करत होती आणि प्रत्येकावर आकडा कोरत होती.

"ताई, हे काय?"

"चूक कुठे झाली सांगू, मोनिका? मी त्याला खडक म्हटलं ते बरोबरच होतं. पण खडकासारखा त्याचा वाटा पाडला नाही. ज्याचा वाटा नाही त्याची काळजी कोण घेतो? सगळे आले, उत्साहात खरवडून गेले. वाटा असता तर प्रत्येकीने आपल्या काचेला आधी विचारलं असतं, बाई गं, तुला काय सोसतं?"

दुसऱ्या दिवशी सभा झाली. अठरा खरवडलेल्या काचा तिने स्वतःच्या नावावर घेतल्या. उरलेल्या नव्वद, तीस घरांना प्रत्येकी तीन. मातीच्या रांजणातून शिंपल्या काढायच्या, जशा खडकांसाठी काढतात. खारा वारा आला की साठवलेल्या पावसाच्या पाण्याने आणि जुन्या सुती कापडाने आपापल्या काचा पुसायच्या. जो येणार नाही त्याला खडकाचा वाटा नाही.

"हा नियम कोणी केला?" छोल-गू उखडले.

"तुमच्या आजोबांनी. मी फक्त खडक वाढवले."

छोल-गूंच्या नशिबी शेवटच्या ओळीचं टोक आलं. त्याच्या पलीकडे मासे वाळत घालतात. समुद्रपक्षी मासा उचलत आणि बसायला छोल-गूंच्या काचा निवडत. सकाळी सकाळी त्यांचा आवाज यायचा, "अरे मेल्यांनो, वहिनीच्या अठरा काचा रिकाम्या आहेत, तिकडे जा ना!" शेवटी त्यांनी जुन्या होडीच्या शिडाचा ससाणा शिवून काठीला टांगला. पक्षी दोन दिवस घाबरले. तिसऱ्या दिवशी ससाण्यावरच बसले.

पण नुसत्या पुसण्याने त्या अठरा काचांची तूट भरून निघणार नव्हती. हाजोमकरीण आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि माझ्या वह्या मागितल्या. वाचता तिला फारसं येत नाही. मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची. कुठल्या दिवशी काय वारा, काय आकडा. एका ठिकाणी तिने मला थांबवलं. "स्वच्छ ऊन, तरी आकडा खाली? त्या दिवशी काय झालं?"

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते भाजलेल्या माशाचे काटे काढण्यात फार गुंतले होते.

"अहो, काय झालं?"

"पाणी भरलं," ते म्हणाले. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र त्यांच्याच ताब्यात आहे आणि त्याला गावाच्या निम्म्या घरांइतकी वीज लागते.

"कधी भरता?"

"संध्याकाळी. जेवणानंतर."

"का?"

"का म्हणजे? तीस वर्षं संध्याकाळीच भरतो. इंजिन तापलेलं असतं."

"सूर्य दुपारी तापलेला असतो हो, इंजिनवाले."

आमचे हे उठून गेले. त्यांच्या मनातलं मला ठाऊक होतं. इंजिन थंड झालं तर माणूस कशाला हवा, हीच भीती. मी त्या रात्री त्यांना काही म्हटलं नाही. मरियम मातेला म्हटलं. आणि सकाळी डब्यात त्यांच्या आवडीची तळलेली शिंपल्याची पोळी दिली आणि म्हटलं, "इंजिन तुमचं ऐकतं. सूर्याला ऐकायला लावणारं माणूस या बेटावर दुसरं कोण आहे?" ते डबा उचलून निघून गेले. त्या दिवशी दुपारी बारा वाजता पाण्याच्या यंत्राचा आवाज आला. मी भांडी घासता घासता क्रूसाची खूण केली.

मग हाजोमकरिणीने उन्हाची वेळ काढली. आमचं सगळं आयुष्य भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतं. भिंतीवर त्याचंच कॅलेंडर. आता त्याच्या शेजारी तिने दुसरा कागद लावला आणि रोज सकाळी गावाच्या भोंग्यावरून ओरडायला लागली. "आज ऊन दहा ते तीन! कपडे धुवा, भात शिजवा, जमीन तापवून घ्या! चारनंतर गादी तापवली तर मी येऊन उपटेन!" आमच्याकडे थंडीत घराची जमीनच विजेने तापवतात, त्यावर म्हाताऱ्या माणसांना विजेच्या तापत्या गाद्या फार प्रिय. फेब्रुवारीत नऊ दिवस ना ऊन ना वारा. तेव्हा तिने सगळ्या म्हाताऱ्यांना गावच्या मोठ्या खोलीत एकत्र झोपायला बोलावलं. एकच जमीन तापवायची. पहिल्या सकाळी तक्रारी आल्या. "कड्यावरची पवनचक्की फिरत नव्हती, पण छोल-गूचं नाक रात्रभर फिरत होतं!"

"मग त्याच्या नाकाला तार जोडूया," ती म्हणाली.

ती स्वतः रोज पहाटे त्या अठरा काचांपाशी असायची. कापड ओलं करून, फुंकर घालून पुसायची. रेघांमध्ये मीठ इतरांपेक्षा पटकन अडकायचं. गुडघे दुखायचे म्हणून भाज्या लावताना बसायचं छोटं आसन कमरेला बांधून ती ओळीतून सरकत जायची. तिचा मुलगा एकदा भेटायला आला आणि हे पाहून म्हणाला, "आई, एवढ्या काचांनी काय फरक पडणार आहे? सोड आणि चल माझ्याबरोबर."

"खरवडल्या मी," ती म्हणाली. "बादली भर."

त्याने दोन दिवस बादल्या भरल्या आणि गेला.

मार्चपासून ऊन चांगलं लागलं, कड्यावरचा वारा धरून राहिला. छप्पन्न. अठ्ठावन्न. मेच्या वीस तारखेला एकोणसाठ आणि आठ दशांश. सगळं गाव बोटांवर दिवस मोजू लागलं. आणि चोवीस तारखेला धुकं आलं.

आमचं मे महिन्यातलं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला काय सांगावं? अंगणातला रांजण दिसत नाही. पाईनच्या सुयांवरून थेंब टपकतात, वारा श्वास रोखून बसतो. दोन दिवसांत आकडा एक दशांश खाली आला. आमचे हे म्हणाले, "असंच आणखी पाच दिवस राहिलं तर गेलं."

हाजोमकरीण भोंग्यावर आली. आवाज नेहमीचाच. "ऊन मिळवता येत नाही, तर वीज कमी खाऊ या. आजपासून चुली बाहेर! आणि फ्रीझर निम्म्याहून कमी करायचे. ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे शेजाऱ्याने मासे ठेवायचे."

चुलींचं कोणाला काही वाटलं नाही. प्रार्थनाघराच्या अंगणात आम्ही मोठी लोखंडी कढई चढवली, पाईनची लाकडं पेटवली, सगळ्या गावाचा भात एकत्र शिजवला. पण फ्रीझर म्हटल्यावर दारं लागली. वीस वर्षांपूर्वीचं पाणी सगळ्यांच्या पायाखालून गेलेलं होतं. छोल-गू दारात आडवे उभे राहिले.

"माझे मासे दुसऱ्याच्या फ्रीझरमध्ये? त्याने दार नीट लावलं नाही तर?"

"मी रोज तीनदा जाऊन दार बघेन."

"आणि गळायला लागले तर?"

"भावजी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज धक्क्यापर्यंत गेला नाही, "चारशे मासे मी माझ्या हाताने सोडलेत. तुमचा एक मासा तरी मी वाया जाऊ देईन का?"

छोल-गू आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग ते दोन टोपल्या खांद्यावर घेऊन बाहेर पडले आणि स्वतःच माझ्याकडे घेऊन आले. "मोनिकाबाई, मोजून घ्या. त्रेसष्ट आहेत." त्यानंतर बाकीची दारं उघडली. एकोणतीस फ्रीझरचे अकरा झाले. ती खरंच दिवसातून तीनदा प्रत्येक घरी यायची, दाराच्या रबरावरून बोट फिरवायची आणि पुढे जायची. मी रोज एकीऐवजी तीन माळा म्हटल्या. तीस तारखेला दुपारी धुक्यातून उत्तरेचा वारा शिरला. आधी आवाज आला, मग कड्यावरची पाती दिसली. फिरत होती.

एक जूनला सकाळी मो साहेबांचा फोन आला तेव्हा ओहोटी होती आणि हाजोमकरीण बुडी मारायला गेली होती. आमच्या ह्यांनी भोंग्यावरून आकडा सांगितला, साठ आणि एक दशांश. बायका कढईभोवती नाचायला लागल्या. पण पाण्याखाली भोंगा ऐकू जात नाही. छोल-गूंनी होडी काढली, मीही चढले. बुडी मारताना पाण्यावर सोडायच्या तिच्या नारिंगी तरंडाजवळ ती वर आली, लांब शिट्टीसारखा श्वास सोडला.

"वहिनी! साठ झाले!"

तिने जाळीत दोन गोगलशिंपले टाकले. "वर दशांश किती?"

"एक."

"एकच? मग चुली उगाच फुंकल्या नाहीत," म्हणाली, आणि पुन्हा बुडी मारली. यावेळी बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. खाऱ्या पाण्याने होतात, असं छोल-गूंनी मला उगाचच समजावलं.

जूनच्या मध्यावर खडकांच्या शिंपल्या निघाल्या. छोल-गूंनी वही उघडून ती ओळ सगळ्यांसमोर खोडली, दोनदा खोडली. मग रांजण पुढे केला. हाजोमकरिणीने हात घातला आणि शिंपली काढली. कावळ्याची चोच. बेटाच्या टोकाचा सगळ्यांत वाईट खडक. लाटा सरळ अंगावर येतात, तीन दिवसांतून एक दिवस पाय ठेवता येतो.

छोल-गूंना हसू आवरेना. "वहिनी, समुद्राचा राजा तुमची दारू पिऊन विसरला वाटतं!"

"वाटा आहे ना? मग झालं," ती म्हणाली आणि शिंपली कमरेच्या पिशवीत टाकली.

इंजिन अजून आहे. हिवाळ्यात सुरू करावं लागतं, आमचे हे दोन्ही सांभाळतात. त्या अठरा काचांवरच्या रेघा अजून आहेत आणि त्या बाकीच्यांपेक्षा कमीच देतात. काल रात्री वायव्येचा वारा होता. आज पहाटे मी माळ हातात घेऊन प्रार्थनाघराकडे निघाले, तर तिच्या अंगणातून आवाज आला.

"मोनिका! तुझ्या तीन काचा पांढऱ्या पडल्यात. त्या कोण पुसणार, मरियम माता?"

मी माळ खिशात ठेवली आणि कापड घेतलं.